भट्टीपासून लांब

"दिवसभर बसता कुठं तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि मी म्हणालो, "भट्टीला." त्यांचं पेन जागच्या जागी थांबलं. लातूरच्या त्या दवाखान्यात आम्ही चार वर्षं येत होतो, पण माझ्या बसण्याची चौकशी कुणी केली नव्हती. चौकशा सगळ्या शिवांजलीच्या. तिची पाळी, तिचं रक्त, तिच्या नळ्या, तिची पिशवी. मी नवरा म्हणून शेजारच्या खुर्चीत बसायचो आणि भिंतीवरच्या गुबगुबीत बाळाच्या फोटोकडं बघायचो. ते बाळ माझ्याकडं बघून असं हसायचं, जसं काही त्याला सगळं मालूम आहे. "दारूची भट्टी?" बाईंनी जरा आवाज उतरवून विचारलं. "शिवा शिवा! फुटाण्याची हो. परळीत आमची फुटाण्याची भट्टी हाय, आज्ज्यापासूनची." मग त्यांनी विचारलं, धग किती लागते, पाय कुठं असतात, मांड्या कुठं असतात. माझ्या मांड्यांची एवढी विचारपूस माझं लग्न जमवतानाही कुणी केली नव्हती. मी सांगितलं: जमिनीत खड्डा, खड्ड्यात जाळ, वर कढई, कढईत वाळू, आणि कढईच्या तोंडाशी मांडी घालून मी, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, पुण्याला पाठवलेली नवी तपासणी आली आहे. शुक्राणू भरपूर आहेत, पळतातही चांगले, म्हणून आजवर कुणाला शंका आली नाही. पण त्यांच्या आतला जो धागा असतो, डीएनए, तो बऱ्याच जणांचा तुटलेला आहे. म्हणून गर्भ धरतो आणि टिकत नाही. "म्हणजे गणंग," मी म्हणालो. बाईंना कळलं नाही, शिवांजलीला कळलं. तिनं झटकन माझ्याकडं पाहिलं. लाह्या फोडताना काही दाणे फुटतच नाहीत, वाळूत तापून तसेच टणक राहतात, त्यांना आम्ही गणंग म्हणतो. बाहेरून काही ओळखू येत नाही. टपोरा, गोल, चांगला देखणा दाणा असतो. आता इतकी वर्षं गणंग चाळून टाकणाऱ्या माणसानं स्वतःबद्दल हे ऐकायचं, म्हणजे काय म्हणावं! मला रडू यायला पाहिजे होतं. आलं हसू, आणि ते दाबता दाबता मला ठसका लागला.

येताना बसमध्ये शिवांजली खिडकीशी होती. मी मनात एकेक गोष्ट उचलून बघत होतो आणि पुन्हा खाली ठेवत होतो. दोनदा राहिलं होतं आणि दोनदा गेलं होतं. पहिल्यांदा ती माहेरी उमापूरला होती. मी पोचलो तेव्हा ती अंगणात पाय लांब करून बसली होती आणि मला म्हणाली, "जेवलात का?" दुसऱ्यांदा आमच्याच घरात. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, मोरी धुतली, तिला उठवून कढत भात वाढला, आणि एक शब्द बोलली नाही. शब्द बोलायला गल्ली होती. आमच्या मागच्या बोळातली भिवराबाई, तिनं एक निदान करून टाकलं होतं, "हिची पिशवीच ढिली." ते निदान गल्लीत चार वर्षं फिरत होतं. मीही ऐकलं होतं, आणि मला शिवांजलीची कीव यायची, अगदी मनापासून यायची, पण धडधाकट माणसाला यावी तशी. आता ती कीव कुठं ठेवायची? मांडीवरच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं होती, सगळी माझी. जन्मात पहिल्यांदा औषधं माझी आणि रिकामे हात तिचे. औषध सांगितलं होतं ते असं: तंबाखू बंद, कढत पाण्याची अंघोळ बंद, आणि भट्टी बंद. तीन महिने. तेवढ्यात शरीरात सगळा नवा माल तयार होतो, पुन्हा तपासू, आणि मग एकदा प्रयत्न करू, नळीतला, टेस्ट ट्यूब बेबीचा. एकदाच. हे शिवांजलीनंच ठरवलं होतं, पोटात सुया टोचून घेऊन घेऊन तिच्या कातडीवर निळे डाग पडले होते. "आणखी एक डाव. मग मला कुणी दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई," असं ती म्हणाली होती, आणि ती जे म्हणते ते करते. म्हणजे सगळं आता माझ्या या तीन महिन्यांवर होतं. रेणापूरच्या पुढं कुठंतरी ती काचेकडं तोंड करूनच म्हणाली, "म्हंजे माझी पिशवी चांगली हाय." तिचे खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय कळेना, दोन्ही चाललं होतं. मग बस थांबली तिथं तिनं पेरू घेतला आणि पोराला म्हणाली, तिखटमीठ चांगलं दाबून लाव रे.

घरी काय सांगायचं, हे मात्र ठरलं नव्हतं. अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, बसप्पा फुटाणेवाल्यांना, 'धगीनं माझं बीज खराब झालंय' असं सांगायचं? भट्टी हे आमच्या घरातलं दुसरं देवघर. गळ्यातलं लिंग आणि समोरची भट्टी, दोन्ही आमच्याकडं बापाकडून पोराकडं येतात. माझी सगळ्यात जुनी आठवणसुद्धा भट्टीचीच आहे. मी कुणाच्या तरी मांडीला टेकून बसलोय, समोर लाल उजेड, वाळूची खसखस, डोक्यावरून एक हात येतो-जातो, आणि कुठंतरी बांगड्या वाजतात. तो हात अप्पांचा, असं मी कायम धरून चाललेलो. बांगड्या कशाच्या, हे कधी मनात आलं नाही. आठवणीत काहीही वाजतं, तिथं कोण विचारतंय! हल्ली अप्पा भट्टीला बसत नसत. रस्त्यापलीकडं लिंबाखाली एक दगडी ओटा आहे, त्यावर ओलं गोणपाट अंथरून ते बसत. बारा महिने ओलं, थंडीतसुद्धा. "भट्टीची धग हाडात मुरलीय माझ्या," म्हणायचे, "गारव्याबिगर बसवत न्हाई." त्या गोणपाटावर दुसरं कुणी बसायचं नाही. जावई आले तरी त्यांना खुर्ची. तिथून ते भट्टीवर नजर ठेवायचे, आणि शेजारच्या धर्मराजच्या दुकानात लटकलेल्या वेफर्सच्या पाकिटांवर. "हवा विकतो साला, आन लोक घेतेत बी." टीव्हीवर नट-नट्या ती पाकिटं फोडायला लागल्यापासून आमचा खप उतरला होता, तरी अप्पांना वाटायचं हे चार दिवसांचं खूळ आहे.

मी सांगितलं, कंबर धरली. दुसरं सुचलंच नाही. शिवांजली स्वयंपाकघरात पदरात तोंड खुपसून हसली. "कंबर म्हणा. कंबरंच्या आसपासच हाय की." आता भट्टीला कोण बसणार? अप्पांचे डोळे अधू झालेले, जाळापुढं पाणी गळायचं. शिवांजली म्हणाली, "मी बसते, मामा." अप्पा उसळले. "बाईमाणसानं भट्टीला बसायची आपल्या घरात रीत न्हाई. आजवर कुणी बसलं न्हाई." अव्वा कोपऱ्यात फुटाणे चाळत होती. तिची चाळणी थांबली. तिनं अप्पांकडं बराच वेळ पाहिलं, अप्पांनी खांद्यावरचा पंचा झटकला, आणि ती पुन्हा चाळायला लागली. रीत नव्हती, पण माणूसही नव्हतं, आणि श्रावण तोंडावर आला होता. पंचमीला लाह्या लागतात. अख्खी परळी आमच्याकडं ज्वारी घेऊन येते, आदल्या दिवशी रांग लागते. तेव्हा शिवांजली बसली. पहिल्या दिवशी निम्मी कढई करपली आणि उरल्यात गणंगच गणंग. अप्पा पलीकडून ओरडत होते, "वाळू थंड पडली! वाळू!" चार दिवसांनी ओरडायचे थांबले. पोरीचा हात बसला होता.

आणि मी? मला तर बेकारीच आली. तीस-बत्तीस वर्षांचा गडी, आणि काम काय, तर गार राहायचं. कधी नाही ते मला स्वतःच्या अंगाची जाणीव व्हायला लागली. रस्त्यानं चालताना वाटायचं, या माझ्या आत आत्ता, याच घडीला, नवा माल तयार होतोय. हळू चाल बाबा, धक्का लागू देऊ नकोस. उन्हात तापलेल्या मोटारसायकलच्या सीटवर बसायचं म्हटलं की आधी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायचो. गरम चहाचा पेला मांडीवर ठेवायचो तो लांब धरायला लागलो, त्याचा काही संबंध नसेलही, पण कोण जोखीम घेतो! तंबाखूची तलफ आली की तोंडात फुटाणे टाकायचो, आणि मग हसू यायचं, की ज्या भट्टीनं घात केला तिचेच फुटाणे खातोय. दुपारी धर्मराजच्या दुकानात जाऊन त्याच्या कोल्ड्रिंकच्या बर्फाच्या पेटीवर बसायचो. धर्मराज माझा शाळेपासूनचा दोस्त, त्यानं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बे, खुर्ची सोडून त्याच्यावर काहून बसतोस रोज? अंडी उबवतोस का काय?" मी म्हणालो, "उलट." त्याला काही कळलं नाही. मला मात्र ते इतकं आवडलं की घरी जाऊन शिवांजलीला सांगितलं, आणि ती हसता हसता खाली बसली. तिच्या तोंडाला राख, कपाळाला घाम, दोन्ही हातांवर बारीक भाजल्याचे डाग. आधी सुयांचे निळे, आता हे लाल. माझं हसणं मध्येच बंद पडलं. मी तिच्या हाताला खोबरेल लावायला घेतलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हो. मला लई बरं वाटतंय तिथं. चार वर्षं मी नुसती झोपून वर बघत होते. आता काहीतरी फुटतंय तरी समोर." हे तिनं अगदी सहज म्हटलं. मी तेल लावत राहिलो.

खोटं बोलायचं तर धड बोलावं, पण कंबर ही फार वाईट निवड झाली. कारण भट्टीवाल्याच्या घरात कंबरेला औषध एकच: वाळूचा शेक. कढईतली कढत वाळू फडक्यात बांधायची आणि दुखऱ्या जागी धरायची. अप्पांचा त्यावर एवढा विश्वास, की ताप आला तरी शेकायला धावतील. रोज संध्याकाळी ते पुरचुंडी घेऊन माझ्या मागं. "पालथा पड." "आज बरं हाय अप्पा." "बरं हाय तर भट्टीला बस." "तसं बरं न्हाई." "मंग पालथा पड!" एकदा त्यांनी मला झोपेत गाठलं, मी असा उडालो की कंबर खरंच लचकता लचकता राहिली. लेकराला बरं वाटावं म्हणून म्हातारा कढत वाळू घेऊन फिरतोय, आणि लेकरू नातवंड वाचवायला पळतंय. मला त्यांच्यावर राग यायचा, आणि त्यांच्या हातातली ती पुरचुंडी पाहून मायाही यायची, कारण ते स्वतःच्या मनगटाला लावून आधी ती किती कढत आहे ते बघायचे. मनात यायचं, सांगून टाकावं. तोंड उघडायचो आणि समोर ते ओलं गोणपाट दिसायचं, तीस वर्षांची धग मुरलेला माणूस त्यावर बसलेला, पाच लेकरांचा बाप. तोंड मिटायचो.

मग पंचमीचा आदला दिवस आला. सकाळपासून बायकांची रांग लिंबाच्या झाडापर्यंत गेली. रात्रभर कढत पाण्यात मुरवून फडक्यात बांधून ठेवलेली ज्वारी प्रत्येकीच्या कडेवर, माहेरवाशिणी, हिरव्या बांगड्या, कलकलाट. शिवांजली कढईशी, अव्वा चाळणीशी, मी भट्टीपासून जरा हटून उभा, पिशव्या भरून द्यायला. लाह्या अशा फुटत होत्या की कढईत पांढरं पांढरं वर येत होतं. छबुबाई, कौशल्याबाई, सगळ्या जुन्या गिऱ्हाईक. आणि रांगेत सगळ्यांत पुढं भिवराबाई. तिनं शिवांजलीला वरून खालपर्यंत पाहिलं. "काय गं बाई, नवरा पिशव्या भरतोय आन तू जाळापुढं? आधीच तुझ्या पोटात काही टिकंना, त्यात ही धग. उरलीसुरली पिशवी बी वाळून जाईल की." रांगेत एक-दोघी हसल्या. शिवांजलीचा हात थांबला नाही, पण तिनं मान खाली घातली, आणि ती मान खाली घातलेली मी पाहिली. तेवढ्यात अप्पा ओट्यावरून उठून आले, कढईतली वाळू फडक्यात घेतली, गाठ मारली, मनगटाला लावून पाहिली, आणि सगळ्या बायकांदेखत मला म्हणाले, "हो पालथा त्या पोत्यावर. आज शेकतोच तुला. सणाच्या दिवशी गडीमाणसानं उभं राहून बघायचं म्हंजे काय!"

एकीकडून भिवराबाई, एकीकडून वाळू. मी ओरडलोच. "अप्पा, कंबरंला काही झालं न्हाई माझ्या! भिवरामावशी, हिच्या पिशवीला बी काही झालेलं न्हाई. चांगली हाय तिची पिशवी. खराबी माझ्यात हाय. माझं बीज खराब निघालंय, आतून तुटलेलं. म्हणून दोनदा गेलं. या धगीनं झालंय ते. डॉक्टरीण म्हणली, तीन महिने भट्टीपासून लांब बस. म्हणून ही बसलीय माझ्या जागी. झालं का समाधान?" कलकलाट बंद. नुसत्या लाह्या फुटत होत्या. शिवांजली माझ्याकडं बघत होती, झारा तसाच हातात, आणि तिच्या राखेनं माखलेल्या तोंडावर असं काही होतं की मला वाटलं, आता काय व्हायचं ते होवो, लेकरू होवो न होवो, हे मी बोललो ते बरं झालं. कोण पहिल्यांदा बोलणार याची मी वाट बघत होतो. छबुबाई बोलली. कमरेवर हात ठेवून, सणसणीत आवाजात. "मंग तिथं काहून उभा हायेस रे मुडद्या, जाळाच्या तोंडाशी? व्हय मागं!" मी एक पाऊल मागं झालो. "आणखी मागं!" कौशल्याबाई. "आरं, धग येतीय तिथवर बी!" तिसरी. भिवराबाईनं पण हात हलवला, तिला दुसरं काय करावं सुचलं नसावं. "पलीकडं जा बाबा, पलीकडं. सावलीत." मला कोंबडं हाकलावं तसं त्या बायकांनी रांगेतून मागं मागं हाकललं, आणि मी पिशव्या हातात घेऊन उलट्या पावलांनी रस्त्याच्या मधोमध आलो. धर्मराज दुकानातून बघत होता. त्याच्या तोंडावर उजेड पडलेला मला दिसला. "आत्ता कळलं बे!" तो ओरडला. "पेटी रोज मोकळी ठिवतो तुझ्यासाठी!"

अप्पा मात्र पुरचुंडी घेऊन तसेच उभे. त्यांचं तोंड लाल झालं होतं. "धगीचं कौतुक सांगतो मला! याच भट्टीवर बसून पाच लेकरं झाली मला. पाच! माझं काय वाळलं का?" हेच ते वाक्य, ज्याला मी महिनाभर भीत होतो. पण अव्वा, मल्लम्मा, जी दुसऱ्यांदा गेलं तेव्हाही एक शब्द बोलली नव्हती, तिनं चाळणी खाली ठेवली. "तुमी बसत होता? कवा?" अप्पा म्हणाले, "कवा म्हंजे?" "तुमी तर बाजार करत होता. आज घाटनांदूर, उद्या धर्मापुरी, डोक्यावर पोतं. मामा थकले तवापासून भट्टीला मी बसत होते. पोटूशी असताना मी, बाळंतपणातून उठले की मी. हा अमर माझ्या मांडीला टेकून बसायचा. हा पाच वर्षांचा झाल्यावर तुमी बाजार सोडून भट्टी धरली." ती थांबली. मग एकदम तिला स्वतःलाच काहीतरी गवसल्यासारखं झालं. "आन त्याच्यानंतर आपल्यात पाळणा हलला का एकदा तरी? सांगा की!" अशी काही हसली रांग, की पुढच्या दोन बायकांच्या ज्वारीची फडकी सुटली. भिवराबाई तर भिंतीला टेकली. मी रस्त्याच्या मध्ये उभा होतो आणि माझ्या कानात, तो लाल उजेड, ती खसखस, आणि त्या बांगड्या. अव्वानं चाळणी पुन्हा उचलली, तेव्हा तिच्या हातातल्या तशाच वाजल्या. किती सोपं होतं, आणि मी कधी विचारलंच नव्हतं.

अप्पा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी पुरचुंडीची गाठ सोडली, वाळू कढईत परत ओतली, आणि शिवांजलीला म्हणाले, "जाळ कमी कर जरा, पोरी. करपंल." भिवराबाईनं आपलं फडकं शिवांजलीपुढं केलं. "माझ्या आधी टाक," म्हणाली, आणि उगाचच आणखी एकदा म्हणाली, "चांगल्या फुटतेत गं तुझ्या हातच्या." अप्पा रस्ता ओलांडून लिंबाखाली गेले. मला वाटलं, आता ओट्यावर बसून चार दिवस बोलणार नाहीत. त्यांनी गोणपाट उचललं, नळाच्या टाकीत बुडवलं, चांगलं पिळून झटकलं, आणि पुन्हा ओट्यावर अंथरलं. चारी कोपरे हातानं सारखे केले. मग बाजूला झाले आणि लिंबाच्या बुंध्याला टेकून उभे राहिले.

"बस," ते म्हणाले. "गार हाय."